परंदवडीच्या वेशीचे शिरगावकर

माझ्या सुहासमामाला दोन आवाज आहेत. एक तळेगावच्या सोसायटीतला आणि एक परंदवडीचा. सोसायटीतला आवाज थोडा नाकातून निघतो आणि वाक्य संपलं की अदबीने थांबतो. "नाही, माझं म्हणणं तसं नव्हतं. आपण सोमवारी बसून बोलू या का?" परंदवडीचा आवाज पोटातून येतो आणि थांबत-बिंबत नाही. "आये, म्या सांगितलं व्हतं ना तुला, दार उघडं ठिवू नगं म्हनून!" हे दोन्ही आवाज मला इतके हुबेहूब काढता येतात, की एकदा मामीने स्वयंपाकघरातून मलाच विचारलं, "अहो, गॅसवाल्याला फोन केलात का?" मी म्हटलं, "करतो, माधवी, जरा दम धर." तिने धरला.

घरात सगळ्यांना वाटतं नकलाकार मी एकटीच. पण मी फार तर अर्धा तास नक्कल करते आणि जेवायला बसते. मामा नोकरीला लागल्यापासून एकच नक्कल करतोय. जेवतानाही करतो. आणि त्याला कुणी टाळ्या वाजवत नाही.

ती नक्कल म्हणजे शिरगावकर.

मामाच्या फ्लॅटच्या दारावर पितळी पाटी आहे, सुहास नि. शिरगावकर. आमचं आजोळ शिरगावचं नाही. तिथल्या साईबाबांच्या मंदिराला गर्दी असली की मामा गाडी लांबून वळवतो, एवढाच त्याचा शिरगावशी संबंध. आजोळ परंदवडीचं. मग निदान परंदवडीकर तरी लावायचं? तर मामाचा हिशोब असा, की परंदवडीकर लावलं असतं तर एखादा परंदवडीत जाऊन विचारून आला असता. शिरगावात जाऊन विचारलं तर तिथे कुणालाच काही माहीत नाही. म्हणून त्याने रीतसर राजपत्रात छापून नाव बदलून घेतलं. माझी आजी आक्काबाई अजून परंदवडीतच राहते. ती म्हणते, "शिरगावचं कुत्रं तरी वळखतं का रं तुला?"

खरं आडनाव येसकर.

वेस म्हणजे गावाचं दार, आणि त्या दारावरचा माणूस तो येसकर. कुणी वेसकर म्हणतं. रात्री वेस लावायची, पहाटे उघडायची, गावात कोण नवा माणूस शिरला ते पाटलाच्या कानावर घालायचं, सरकारी माणूस आला की त्याचं ओझं पुढच्या गावापर्यंत पोचवायचं, ही सगळी कामं त्याची. काम एका घराचं नव्हतं. महारवाड्यातली घरं आळीपाळीने करायची, तिला येसकरपाळी म्हणत. ज्याची पाळी त्याच्या हातात घुंगराची काठी. आणि मोबदला म्हणून तिन्हीसांजेला घरोघर फिरून मागितलेली भाकरी.

आजी लहान असताना तिच्या वडलांच्या मागे भाकरीची पाटी घेऊन फिरली आहे. एकदा तांदूळ निवडता निवडता तिने ते सांगितलं. रडली वगैरे नाही. तांदळातला खडा बाजूला टाकावा तशी तिने ती हाकही काढून दाखवली, "येसकराला भाकर वाढा, माय!" मामा समोर जेवत होता. तो ताट तसंच ठेवून उठला आणि मोरीत जाऊन बराच वेळ हात धूत राहिला. आजी म्हणाली, "ह्याला काय झालं? भाकर मी मागितली, हात हा धुतोय."

ती हाक मला एकदा ऐकूनच पाठ झाली. पण ती मी कुणाला काढून दाखवलेली नाही.

मामाने स्वतः कधी भाकरी मागितली नाही. छप्पन्न साली धम्मदीक्षा झाली तेव्हा माझे आजोबा, निवृत्तीआबा, पोरसवदा होते. घरच्यांनी काठी टाकली ती टाकलीच. मामा जन्मला तोवर वेसही पडून तिचे दगड कुणाकुणाच्या गोठ्यात गेले होते. काम गेलं, वेस गेली, नुसतं नाव उरलं. ते शाळेत हजेरीत यायचं. "येसकर सुहास" म्हटलं की मागच्या बाकावरून कुणीतरी तोंडावर हात धरून तीच हाक काढायचा. त्या पोरांनीही येसकर पाहिलेला नव्हता. आईबापांचं ऐकून नक्कल करायचे. आई सांगते, मामा तेव्हा "हजर" म्हणायचाच नाही. गुरुजी गैरहजेरी मांडायचे आणि पोरगा समोर बसलेला असायचा.

तर अशा माणसाच्या मुलीने, आमच्या अमृताताईने, एका रविवारी चहा पिता पिता सांगितलं, "पप्पा, मला एक मुलगा पसंत आहे. कंपनीतलाच. प्रज्ञेश नाव."

मी मुद्दाम चहाला गेले होते. असं काही घडणार असेल तर मी चुकवत नाही.

मामा सोसायटीच्या आवाजात म्हणाला, "बरं. आपल्यातला आहे का?"

"हो."

"छान. कुठला?"

"लोणावळ्याचा. वडील रेल्वेत होते. आता घरीच होमस्टे चालवतात."

"अरे वा. आडनाव काय?"

"येसकर."

मामाने कप बशीत ठेवला. बशी नव्हती तिथे ठेवला, टीपॉयवर चहा सांडला. मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "लोणावळ्याची हवा फार दमट आहे."

मामी म्हणाली, "त्याचं काय?"

"हिला सर्दी होते."

पुढे आठवडाभर त्याने लोणावळ्यात एकेक दोष काढला. होमस्टेचा धंदा शनिवार-रविवारचा, बाकीचे दिवस काय करणार? घाटात गाड्या अडकतात. माकडं फार. अमृताताई ऐकत राहिली आणि एक दिवस म्हणाली, "पप्पा, माकडांचं जाऊ द्या. तुम्हाला आडनाव खुपतंय. मी त्याला सांगितलंय आम्ही शिरगावकर म्हणून, तुम्ही पढवलंत तसंच. आता अजून काय करू?"

मामा म्हणाला, "आवाज खाली. खिडकी उघडी आहे."

त्या संध्याकाळी ताई आणि मी गॅलरीत बसून मोबाईलवर येसकर शोधत होतो. फेसबुकवर आडनाव टाकलं की विदर्भातले निघायचे, मराठवाड्यातले निघायचे, कुणी वेसकर, कुणी एसकर. मावळातले बोटावर मोजण्याएवढे. ताई म्हणाली, "गावोगाव वेस होती, म्हणजे गावोगाव येसकर असणार. मग गेले कुठे सगळे?"

"तुझ्या दारावरच्या पाटीवर गेले," मी म्हटलं.

ती हसली नाही. म्हणाली, "पाटील हेही कामाचंच नाव ना गं? कुलकर्णी, देशमुख, सगळी कामंच. सुतार सुतार लावतो, कुंभार कुंभार लावतो. पाटील तर लोक गाडीच्या काचेवर लावतात." मग थोड्या वेळाने, "त्या कामाला पागोटं होतं. आपल्या कामाला काठी. पण काठी काय पप्पांनी धरली होती?"

आतून मामाचा फोनवरचा आवाज येत होता. "हो हो, शिरगावकर बोलतोय."

शेवटी प्रकरण परंदवडीला गेलं. आजी ओसरीवर लसूण सोलत होती. तिने नाव ऐकलं आणि पहिलाच प्रश्न केला, "येसकर? मंग भाऊकी तर न्हाई ना?"

हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. एका भाऊकीतली मुलं म्हणजे बहीणभाऊ, त्यांचं लग्न लागत नाही. धर्म बदलला, देव्हारे गेले, पण ही रीत कुणी सोडलेली नाही. सगळ्या सोयरिकींत हा प्रश्न पहिल्या दिवशी निघतो. आमच्यात निघाला नाही, कारण एका बाजूला येसकर आणि दुसऱ्या बाजूला शिरगावकर. विचारणार कोण आणि कशाला?

मामाचा चेहरा खुलला. खरंच खुलला. माकडं आणि दमट हवा सोडून त्याला धड कारण मिळालं होतं. "तेच म्हणतोय मी कधीपासून," तो म्हणाला. तो कधीच म्हणाला नव्हता. "एकाच आडनावात कसं करायचं?"

"थांब जरा," आजी म्हणाली. "येसकर काय कुळी हाय व्हय? काम हाय ते. गावागणिक पाटील आस्त्यात, ते समदे काय भाऊ व्हत्यात का? ज्यांनी एका येशीवर पाळी केली ती भाऊकी. येस येगळी तर भाऊकी येगळी. सरळ इचार त्यांना, कुठल्या येशीचे म्हनून."

"तू विचार ना आये."

"म्या का? पोरगी तुजी."

"तू मोठी आहेस."

"म्या इचारलं तर म्हातारी बोलली म्हनून सोडून देतील. आन ह्ये बघ," आजीने लसणाचा गड्डा त्याच्यावर रोखला, "कुठल्या येशीचे, आसं येसकरच येसकराला इचारतो. दुसरा मानूस इचारील का? नाव तू टाकलंस. तूच इचार."

आता मामाला पळायला दोनच वाटा होत्या आणि दोन्ही त्याच नावावरून जात होत्या. लग्न मोडायचं तर भाऊकीचं कारण सांगावं लागणार, म्हणजे येसकर असल्याचं सांगावं लागणार. लग्न करायचं तरी वेस विचारावी लागणार. काहीच न बोलता केलं, तर पोरगी कदाचित भावाला दिली जाणार. अमृताताईने एवढंच विचारलं, "आजी, वेस एकच निघाली तर?"

आजीने लसूण तिच्याकडे सरकवला. "सोल," म्हणाली.

लोणावळ्याला आम्ही मामाच्या गाडीतून गेलो. मामा, मामी, आजी, ताई आणि मागे दाटीवाटीने मी. होमस्टे बाजारपेठेपासून जरा आत, चढावर. लांबूनच पाटी दिसली, हाताएवढ्या अक्षरात: येसकर होमस्टे. खाली, घरगुती जेवण, व्हेज-नॉनव्हेज, गरम पाणी. मामाने गाडी पाटीखाली न लावता पुढे नेऊन एका चिक्कीच्या दुकानासमोर लावली. आजीला तेवढं चालत मागे यावं लागलं. "पाटी चावती का रं?" तिने चालता चालता विचारलं.

प्रज्ञेशचे वडील हौशीराम येसकर दारातच उभे होते. त्यांचा आवाज मला पहिल्या वाक्यातच आवडला. मावळी बोली, त्यात रेल्वे आणि टुरिस्ट असे दोन डबे जोडलेले. "जयभीम, जयभीम! या! रोड क्लिअर मिळाला ना? सॅटर्डेला तर लय जाम लागतंय."

"नमस्कार, नमस्कार," मामा म्हणाला.

हौशीरामकाकांचे जोडलेले हात क्षणभर तसेच राहिले. मग त्यांनी आम्हाला आत नेलं. बैठकीच्या खोलीत भगवान बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो, आणि त्यांच्या खाली काचेच्या पेटीत एक काठी. काळी पडलेली, वर घुंगरांचा झुबका. मामाने ती पाहिली आणि मुद्दाम अशा खुर्चीत बसला, की ती पाठीमागे यावी.

"ती आमच्या आजाची," हौशीरामकाका म्हणाले. "गेस्ट लोक इचारत्यात, अंकल, ये क्या है? म्या सांगतो, आमचा आजा गावाच्या गेटवर ड्युटीला व्हता. आत कोन आलं, भायेर कोन गेलं, समदं त्याला ठावं. आता म्या रिसेप्शनला बसतो. ड्युटी तीच, फक्त आता भाकर मी वाढतो, मागत न्हाई." आणि खो खो हसले. प्रज्ञेश लाजून म्हणाला, "बाबा सगळ्यांना हेच सांगतात." मामी हसली. आजी हसली नाही, पण तिने काठीकडे बघून मान हलवली, ओळखीच्या माणसाकडे बघून हलवावी तशी.

मग तो प्रश्न आलाच. "शिरगावकरसायेब, तुमी मूळचे कुठले?"

आजीने लुगड्याचा पदर सारखा केला. ताईने माझा हात धरला. मामाने घसा साफ केला आणि तळेगावच्या आवाजात, तोही नाकातून, म्हणाला, "आम्ही तसे कोकणातले."

हौशीरामकाकांनी मांडीवर थाप मारली. "मंग तर प्रश्नच मिटला! माझी मंडळी म्हनत व्हती, भाऊकी बघा, भाऊकी बघा. म्हनलं, आगं ते शिरगावकर, आडनाव येगळं, आपला काय संबंध? आन तुमी तर कोकनातले निघालात. आडनाव एक आसतं तर येस इचारावी लागली आसती. प्रज्ञेश, पेढं आन."

बघता बघता सगळं इतकं सोपं झालं की मामाला स्वतःलाच विश्वास बसेना. एका खोट्याने त्याची सगळी संकटं एकदम संपली होती. आता पेढा तोंडात टाकायचा, तोंड गोड झालं म्हणजे सोयरीक पक्की, आणि येसकर हा शब्द त्याला कुणासमोर उच्चारावाही लागणार नव्हता. प्रज्ञेशने ताट पुढे धरलं. मामाने पेढा घेतला.

हौशीरामकाका आपल्याच नादात बोलत होते. "आमी तरी कुठं हितले? आजा मावळातल्याच गावचा. पाळी सोडली, काठी खांद्यावर टाकली आन खंडाळ्याला रेल्वेच्या कामावर आला. गावाचं नाव पन काढत न्हवता. लय राग व्हता त्याला."

मावळातल्याच गावचा. मामाचा हात पेढ्यासकट तोंडापाशी थांबला. मी त्याच्याकडे बघत होते आणि ताई जमिनीकडे. आजी मात्र कुणाकडेच बघत नव्हती, ती समोर भिंतीकडे बघत बसली होती. तिने मामाला डोळ्याने खुणावलं असतं तरी चाललं असतं. तिने खुणावलं नाही.

मामाच्या बोटांत पेढा चुरला. आणि मग परंदवडीचा आवाज आला, पोटातून, सोसायटीला कधीही ऐकू न आलेला.

"कुठल्या येशीचे तुमी?"

हौशीरामकाकांचं हसणं तोंडावरच राहिलं. "काय म्हनलात?"

"तुमच्या आजाची पाळी. कुठल्या येशीवर व्हती?"

बाहेर एका पाहुण्याचं पोर पळत गेलं, त्याच्या चपलांचा आवाज तेवढा आला.

"हे कोकनातला मानूस इचारत न्हाई," हौशीरामकाका हळू म्हणाले.

"आमी परंदवडीचे," मामा म्हणाला. "येसकर."

हौशीरामकाकांनी मामाच्या खांद्यावरून मागे काठीकडे पाहिलं. "आमचं गाव पवनेच्या काठचं. धरनात गेलं. येस पान्याखाली हाय," ते म्हणाले.

"येस येगळी. झालं," आजी म्हणाली.

ताईने माझा हात सोडला तेव्हा त्याच्यावर तिच्या नखांच्या खुणा होत्या. मला वाटलं आता सगळे हसतील, दुसरा पेढा येईल. पण हौशीरामकाकांनी पेढ्यांचं ताट प्रज्ञेशच्या हातातून घेतलं आणि बाजूला ठेवलं.

"येस येगळी हाय, मावशी. पन ह्यो मानूस?" त्यांचा आवाज आता होमस्टेचा नव्हता. "दुसऱ्या कुनी माझ्या नावाला नाक मुरडलं तर मला सवय हाय, सायेब. गेस्ट येत्यात, नाव वाचत्यात, बुकिंग क्यान्सल करून जात्यात. जाऊंद्या. पन तुमी येसकर, माझ्या घरात बसून, माझ्या आजाच्या काठीखाली बसून, मी येसकर न्हाई म्हनता? पोरगी येसकराला द्यायला आलात, आन येसकर न्हाई म्हनून?"

मामी पुटपुटली, "तसं नाही हो..." मामाने तिला हाताने थांबवलं.

"मला लाज वाटते," मामा म्हणाला. हे मात्र दोन्हीतल्या कुठल्याच आवाजात नव्हतं.

"कशाची? नावाची का खोट्याची?"

मला वाटतं, मामाला ती दोन वेगळी करता येत नव्हती. त्याच्या बोटांना पेढा चिकटला होता आणि तो ती बोटं रुमालाने पुसत राहिला, परंदवडीच्या मोरीत हात धुतले होते तसाच.

हौशीरामकाका उठले. "लगीन पोरांचं हाय, ते व्हईल. पोरगी चांगली हाय, तिचा दोस न्हाई. पन मांडवात तुमचं नाव पुकारतील तवा म्या समोर आसंन. शिरगावकर ऐकू आलं तर म्या काय बोलनार न्हाई. मला फक्त कळंल, सोयरा कोन मिळाला ते."

आजीने उठता उठता ताटातला एक पेढा उचलून तोंडात टाकला. "बाकीच्यांचं बाकीचे बघतील," ती म्हणाली.

पत्रिका छापायला मामा स्वतः वडगावच्या बाजारात गेला. आम्हाला वाटलं होतं आता तरी. गठ्ठा घरी आला, ताईने वरची पत्रिका उलगडली: सुहास निवृत्ती शिरगावकर. तिने ती परत होती तशी घडी घातली आणि गठ्ठ्यात सरकवली. मामा म्हणाला, "ऑफिसमधले सगळे येणार आहेत, त्यांना याच नावाने..." वाक्य तसंच राहिलं. ताई म्हणाली, "हो पप्पा." बस. ती भांडली असती तर मामाला बरं वाटलं असतं. पत्रिका लोणावळ्याला पोचली तेव्हा हौशीरामकाका फक्त म्हणाले म्हणे, "कागद चांगलाय."

लग्न वडगावातच एका हॉलमध्ये होतं. पांढऱ्या साडीत ताई, पांढऱ्या सदऱ्यात प्रज्ञेश, समोर मेणबत्त्या. लग्न लावणारे बौद्धाचार्य एकदम तरुण होते, पण माईक हातात आला की शंभर वर्षांचे व्हायचे. "उपस्थित सर्वऽऽ उपासक आणिऽऽ उपासिकांना..." ते सूर मी तिथल्या तिथे उचलले. दुसऱ्या रांगेत मामाच्या कंपनीतले लोक, मधोमध त्यांचे मोठे साहेब आणि बाईसाहेब. पहिल्या रांगेत हौशीरामकाका, हाताची घडी घालून.

बौद्धाचार्यांनी पत्रिका समोर धरली. "आजच्या मंगल परिणयाचे वधूपिता, आयुष्मान सुहासऽऽ निवृत्तीऽऽ..."

मामाने त्यांच्या दंडाला धरलं. "थांबा."

"काय झालं?"

"ते आडनाव..."

"चुकलंय का?"

"छापताना जरा..." मामा म्हणाला, आणि थांबला. माईक त्यांच्या दोघांच्या मध्ये होता. 'छापताना जरा' हे शब्द आधीच हॉलभर गेले होते. आता पुढे 'चूक झाली' एवढंच म्हणायचं होतं, सगळा दोष प्रेसवाल्यावर गेला असता, आणि नाव बरोबर झालं असतं. साहेबांनाही पटलं असतं. मामा दुसऱ्या रांगेकडे बघत होता. मग त्याने नजर खाली, बुटांवर आणली.

"छापताना न्हाई. म्याच तसं दिलं व्हतं," तो म्हणाला. "येसकर म्हना. परंदवडीच्या येशीचे येसकर."

माईकने ते पार मागे आचाऱ्यांपर्यंत नेलं. तिथे झाऱ्याचा आवाज थांबला.

"ऐकू आलं!" पहिल्या रांगेतून हौशीरामकाका ओरडले.

अख्खा हॉल हसला. प्रज्ञेश हसला, ताई हसता हसता रडली. मामा हसला नाही. त्याचे कान लाल झाले होते आणि त्रिशरण-पंचशील संपेपर्यंत त्याने मान वर केली नाही. कुणाला वाटेल बोलून टाकल्यावर माणूस मोकळा होतो. मामा मोकळा झालेला मी पाहिला नाही. शाळेत गैरहजर राहिलेला मुलगा उशिरा "हजर" म्हणाला आणि आता सगळा वर्ग वळून बघतोय, असा तो उभा होता.

जेवणाच्या पंगतीत मामा साहेबांच्या पानावर जिलेबी वाढत होता. साहेब म्हणाले, "शिरगावकर, ते मघाशी काय होतं हो? येसकर?"

"आमचं... जुनं आहे ते."

"म्हणजे नक्की काय?"

"अजून एक वाढू का?" मामा म्हणाला, तळेगावच्या आवाजात, आणि नको म्हणायच्या आत वाढून पुढे सरकला.

पलीकडून हौशीरामकाकांनी ते पाहिलं. मला वाटलं आता बोलतील. ते उठले, मामाच्या हातातलं जिलेबीचं ताट घेतलं आणि म्हणाले, "द्या हिकडं. वाढायची सवय मला हाय. तुमी बसा." मामा त्यांच्या रिकाम्या जागेवर बसला. हौशीरामकाकांनी त्याच्या पानावर पहिली जिलेबी वाढली आणि तो खाईस्तोवर तिथून हलले नाहीत.

ताई आता लोणावळ्याला असते. हवेचं विचाराल तर सर्दी झालेली नाही. माकडांनी एकदा वाळत घातलेला टॉवेल नेला, तेवढंच.

मागच्या आठवड्यात आजी तळेगावला मामाकडे आली, मी तिला घेऊन आले होते. दारासमोर उभी राहून ती पितळी पाटीकडे बघत राहिली. तिला अक्षरं वाचता येत नाहीत, पण पाटी तीच आहे एवढं कळतं.

"पाटी हाय तशीच हाय की रं," ती मोठ्याने म्हणाली.

मामा दार उघडत होता. "काढायची आहे गं आये. स्क्रू गंजलेत."

"व्हय," आजी म्हणाली. "लोनावळ्याची दमट हवा लागली आसंल."

मामाने माझ्याकडे पाहिलं. आजीला ते कुणी काढून दाखवलं असेल हे त्याला कळलंच. त्याने आधी जिन्यात वर आणि खाली डोकावून पाहिलं, कुणी ऐकलं का ते, आणि मग आम्हा दोघींना आत घेऊन दार लावलं.